देवरेकाकांचा अर्थिंगवाला राउटर

देवरेकाकांच्या दाराची बेल वाजत नाही, पेटते. दाराबाहेर काळी रबरी मॅट अंथरलेली असते आणि बटणाच्या वर काकांच्या स्वच्छ अक्षरातली पाटी असते : ‘मॅटवर उभे राहूनच बटण दाबावे.’ तुम्ही मॅटवर उभे राहून बटण दाबलंत की आत टिंगटाँग वगैरे काही होत नाही. टीव्हीच्या वर भिंतीला लावलेला साठ वॅटचा लाल बल्ब पेटतो. मग काका उठतात, दार उघडतात आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी तुमचे पाय कोरडे आहेत ना, ते बघतात.

माझा स्वभाव मुळातच धसका घेणारा. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो. अशा माणसाला इंदिरानगरात नेमकं देवरेकाकांच्या समोरचं घर मिळावं, याला काय म्हणायचं? राहायला आलो त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो, बटण दाबलं, आणि दाराच्या फटीतून लाल उजेड आलेला बघून आत आग लागली असं समजून उलट्या पावली पळालो. पेढे जिन्यात सांडले. काकांनी दार उघडून सांडलेले पेढे मोजले आणि वहीत लिहून ठेवले.

ही वही फार महत्त्वाची. काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, शेवटची काही वर्षं कंट्रोल रूममध्ये शिफ्टचे प्रमुख. मूळचे सटाण्याकडचे. निवृत्त झाले, पण शिफ्ट काही सुटली नाही. वहीत नोंदी असत : ‘६.०५ : नळाला पाणी आले. दाब नॉर्मल. ६.४० : दूध आले. पिशवी एक. गळती नाही.’ संध्याकाळी खाली एक सही, आणि तिच्या शेजारी पुन्हा त्यांचीच दुसरी सही. मी कारण विचारलं तर म्हणाले, “चार्ज देणारा आणि चार्ज घेणारा, दोघांच्या सह्या लागतात, काळेसाहेब. माणूस एकच आहे, म्हणून दोनदा करतो.”

त्यांचं ठेवणीतलं वाक्य म्हणजे, “तोंडी ऑर्डर चालत नाही. लेखी द्या.” भाजीवाल्यानं भाव सांगितला, लेखी द्या. सोसायटीची मीटिंग कधी, लेखी द्या. माझी बायको रंजना एकदा सांगायला गेली, “काका, गॅसवाला आलाय हो खाली.” काकांनी तिच्यापुढे कागद आणि पेन सरकवलं. तिनं बिचारीनं ‘गॅसवाला आलाय’ असं लिहून खाली सही केली, तोवर गॅसवाला निघून गेला होता.

बोलताना ते आपल्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. मी तंबाखू खातो की काय ते तपासतायत असा माझा समज झाला होता, त्यामुळे कित्येक महिने मी त्यांच्याकडे जाण्याआधी चूळ भरून जात असे. पाठीमागून हाक मारली तर ढुंकून बघत नाहीत. स्वतः मात्र बोलतात ते पार्किंगमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात. आमचे चेअरमन पवार म्हणत, “साहेबी गेली, पण ताठा गेला नाही.” मीही मान डोलवत असे.

या सगळ्याला माणसात ठेवायचं काम काकू करत. दारात येणाऱ्या-जाणाऱ्याशी त्या बोलत, फोन त्या घेत, आणि मग काकांसमोर बसून सगळं सावकाश सांगत. गेल्या श्रावणात काकू अचानक गेल्या. एकुलता एक मुलगा हेमंत नोकरीसाठी मस्कतला. विमानाचं तिकीट मिळून तो पोचला तोवर सगळं उरकलं होतं. तेरावा झाला, त्यानं आपला जुना लॅपटॉप बापाजवळ ठेवला आणि परत गेला.

त्यानंतरचा प्रकार मी स्वतः पाहिलेला आहे. शुक्रवारी मस्कतला सुट्टी आणि आमच्या कारखान्यालाही शुक्रवारचीच सुट्टी. दर शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला काकांचा फोन वाजायला लागे. त्यांचं दार उघडं असे. काका खुर्चीत पेपर वाचत बसलेले, फोन पाठीमागच्या तिपाईवर, आणि तो जिवाच्या आकांतानं वाजतोय. काका शांतपणे पेपरचं पान उलटत. फोन वाजून वाजून थांबे, पुन्हा वाजे, पुन्हा थांबे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला चहा लेंग्यावर सांडला. बापाचं काळीज इतकं दगडी असू शकतं? पोरगा आईच्या शेवटच्या क्षणी पोचला नाही, म्हणून जन्मभराचा अबोला? पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही हा आमचा बाणा, म्हणून मी गप्प राहिलो.

वर्ष होत आलं असेल. एका रविवारी काका माझ्याकडे आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “काळेसाहेब, इंटरनेटची लाइन घ्यायची आहे. ब्रॉडबँड. त्यावर माणसाशी लिहून बोलता येतं म्हणे. खरं आहे?”

मी म्हटलं, “खरं आहे. पण तुम्हाला कुणाशी बोलायचंय?”

“हेमंतशी. त्याचा फोन येत नाही हल्ली. आई होती तोवर करायचा. आता कामात असेल.”

दोनच दिवसांपूर्वी त्या घरात फोन एवढा वाजला होता की खालच्या मजल्यावरून पवारांच्या मातोश्रींनी वर येऊन चौकशी केली होती. आणि हा गृहस्थ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत, पापणी न हलवता, फोन येत नाही म्हणतो! इतकं सफाईदार खोटं मी आमच्या पर्चेस खात्यातसुद्धा ऐकलेलं नाही.

त्यांनी खिशातून कागद काढला. हेमंतला माझ्या ऑफिसातून मेल पाठवायची होती, तिचा मजकूर तयार होता : ‘येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता लाइन चार्ज होईल. कॉम्प्युटरवर हजर राहावे. येथे सर्व नॉर्मल. बाबा.’ चार्ज म्हणजे चालू, हे हेमंतला कळेल असं धरून मी तो जसाच्या तसा पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ते मला उद्देशून होतं. हेमंतनं लिहिलं होतं : ‘काका, बाबांची महिन्याला दोन पत्रं येतात. प्रकृती नॉर्मल, पाणी नॉर्मल, विशेष काही नाही. माझी साधी चौकशीही नसते, म्हणून मीही उलट लिहिणं सोडलं. वर्षभर दर शुक्रवारी फोन करतोय, उचलत नाहीत. आईच्या वेळी मी पोचलो नाही, हे त्यांनी मनात धरलंय. त्यांचं बरोबरही असेल. शुक्रवारी दहाला मी बसतो. पण याही वेळी ते आले नाहीत, तर मी काय ते समजेन. पुन्हा त्यांना त्रास देणार नाही.’

काकांना मी एवढंच सांगितलं, “हेमंत बसणार आहे. दहा म्हणजे दहा. उशीर झाला तर तो पुन्हा येणार नाही.” त्यांनी माझ्याकडून ते लिहून घेतलं आणि कागद घडी करून काकूंच्या फोटोमागे ठेवला.

आता राउटर निवडायचा होता. मंगळवारी कामावरून आल्यावर मी त्यांना घेऊन एम. जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार पोरगेलासा, तोंडात सुपारी. काकांनी त्याला पहिली आज्ञा केली, “तोंडातलं थुंकून या, मग बोला.” मी शरमेनं रस्त्याकडे बघायला लागलो. पण पोरगा भला होता, थुंकून आला.

“हे यंत्र सलग किती तास चालतं?”

“बंदच करायचं नाही काका. चोवीस तास चालू.”

“मग मेंटेनन्सला कधी घेता?”

“मेंटेनन्स नसतो याला.”

काकांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. पोरानं दोन राउटर पुढे ठेवले, एकाला एक अँटेना, दुसऱ्याला दोन. काका म्हणाले, “दोनवाला द्या. एक चालू, एक स्टँडबाय.” इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी खोक्यातला अडॅप्टर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“तिसरा पाय कुठंय?”

“अं?”

“प्लगला दोनच पाय आहेत. अर्थिंगचा पाय कुठंय?”

“याला अर्थिंग लागत नाही काका.”

“चोवीस तास चालणारं यंत्र आणि अर्थिंग लागत नाही? लेखी द्या.”

पोरानं बिलाच्या मागे ‘अर्थिंग लागत नाही’ असं लिहून वर शिक्का मारला. काकांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला, राउटर घेतला, आणि रस्त्यावर आल्यावर भर गर्दीत खणखणीत आवाजात म्हणाले, “हा मुलगा एक दिवस जळून मरणार!” रसवंतीवरची माणसं वळून बघायला लागली. मी त्यांना रिक्षात कोंबलं.

अर्थिंग नसलेलं यंत्र घरात चालू करायचं नाही, हे काकांनी रिक्षातच ठरवलं. त्याला अर्थिंग देता येत नसेल तर त्याला अर्थिंग केलेल्या पेटीत ठेवायचं, म्हणजे पॅनलमध्ये. बुधवारी अंबडच्या एका वेल्डरकडून त्यांनी जाड पत्र्याची पेटी करून आणली. राखाडी रंग, रबरी पट्टीचं झाकण, कुलूप, आणि दारावर कवटी-हाडांची लाल पाटी. आत एक छोटा राउटर राहणार होता, पण पेटी अशी की तिच्यात आमच्या घरातली सगळी भांडी मावली असती.

अर्थिंगचा खड्डा त्यांनी त्याच दिवशी पहाटे खणून ठेवला होता. नेमकी अमावास्या. पवारांच्या मातोश्री फुलं तोडायला खाली उतरल्या तर समोर काय दृश्य! औदुंबराशेजारी कमरेइतका खड्डा, आणि वर्षाच्या आत बायको गेलेला म्हातारा तोंडानं काहीतरी पुटपुटत त्यात तांब्याचा पत्रा ठेवतोय, वर कोळसा घालतोय, वर मूठमूठ मीठ टाकतोय. मातोश्रींची परडी तिथेच पडली. “अहो देवरे! काय करताय हे?” असं त्यांनी पाठीमागून तीनदा ओरडून विचारलं म्हणे, पण काकांनी वळूनही पाहिलं नाही. मग मात्र त्यांची खात्रीच झाली. सात वाजेपर्यंत अख्ख्या सोसायटीत बातमी, देवऱ्यांनी करणी केली.

चेअरमन पवार जाब विचारायला गेले ते दोन पानी लेखी खुलासा घेऊन परत आले, आकृतीसकट. वीज जमिनीत जावी म्हणून मीठ-कोळशाचा खड्डा करतात, हे त्यांना पटलं. मातोश्रींना पटलं नाही. त्यांनी संध्याकाळी खड्ड्यावर उतारा टाकलाच. काकांच्या वहीतली नोंद मी या डोळ्यांनी वाचली आहे : ‘अर्थ पिटवर लिंबू एक, भात मूठभर आढळला. अर्थिंगवर परिणाम नाही.’

गुरुवारी टेलिफोनवाला लाइन जोडायला येणार होता. पेटी भिंतीला ठोकायची आणि तिची तार खड्ड्यापर्यंत न्यायची, म्हणून काकांनी आमच्या जिन्यातल्या सहाही घरांची वीज बंद ठेवायचं ठरवलं. मी कामावरून आलो तर मीटरच्या खोलीत प्रत्येक स्विचला लाल कार्ड लटकलेलं : ‘माणसे काम करत आहेत. स्विच चालू करू नये.’ रंजना मला घरात शिरू देईना. “तुमच्या त्या काकांनी माझी सही घेतली, मिक्सर लावणार नाही म्हणून! अर्धी चटणी भांड्यात तशीच आहे.” सहा घरांतून सह्या गोळा करून, काम संपल्यावर पुन्हा सह्या घेऊन, मग काकांनी एकेक कार्ड उतरवलं. आणि खरं सांगतो, तेव्हा सगळे चिडलो होतो, पण त्या माणसाच्या हाताखाली कुणाला साधा चटकासुद्धा बसला नसेल.

टेलिफोनवाल्यानं स्वतःजवळच्या वायरीनं लॅपटॉप जोडून इंटरनेट चालू करून दाखवलं. दिवे लागले, पानं उघडली. “आता वायर नको काका, हे हवेतून चालतं,” असं म्हणून, काकांना ते लिहूनही देऊन, तो आपली वायर घेऊन गेला. पासवर्डचा अर्धा भाग काकांनी स्वतःकडे ठेवला आणि उरलेला अर्धा चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. “एकट्या माणसाच्या हातात कधी मशीन द्यायचं नाही. चालू करताना दोघं पाहिजेत.” मग राउटर पेटीत गेला, पेटीला कुलूप लागलं, किल्ली पाकिटात गेली, पाकिटावर लाखेचं सील. मी बघत राहिलो.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी हजर झालो. काका इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून बसले होते. लॅपटॉप टेबलावर, टेबलाखाली मॅट. त्यांनी वहीत नोंद केली, ‘९.३५ : लाइन चार्ज करण्यास सुरुवात.’ मी लॅपटॉप उघडला. सिग्नल नाही. बंद करून पुन्हा चालू केला. सिग्नल नाही. खिडकीपाशी नेला, दारापाशी नेला, शेवटी पेटीला टेकवून धरला. पवारांच्या घरातल्या एका नेटवर्कचं नाव दिसत होतं, पण काकांच्या राउटरचा पत्ता नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

“काका, ती पेटी उघडा. लोखंडातून सिग्नल बाहेर येत नाही.”

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. “ट्रान्सफॉर्मर लोखंडी टाकीत असतो. त्यातून वीज बाहेर येत नाही?”

“ती तारेनं येते हो! हे हवेतून यायचंय! तुम्ही हवाच बंद केलीत!”

“चालू असलेलं पॅनल असं उघडता येत नाही. आधी शटडाऊन, मग परमिट, सह्या…”

घड्याळात दहाला सात मिनिटं कमी होती. माझ्या डोळ्यांपुढे हेमंतची मेल आली. काय ते समजेन, असं लिहिलं होतं त्यानं. मी माझा बाणा वगैरे गुंडाळून ठेवला, त्यांचे दोन्ही दंड धरले आणि ओरडलो, “काका, तो दहाला येईल आणि तुम्ही दिसला नाहीत तर जाईल! पुन्हा यायचा नाही तो!”

काकांनी लाखेचं सील दातांनी तोडलं. परमिट नाही, सही नाही, वहीत नोंद नाही. किल्ली त्यांच्याच्यानं कुलपात जाईना, म्हणून मी फिरवली. त्यांनी तो दोन पायांचा, बिनअर्थिंगचा राउटर बाहेर काढून उघड्या टेबलावर ठेवला. मी जन्मात कुणाला एवढं मोठं धाडस करताना पाहिलेलं नाही. सिग्नल आला. त्यांनी आपला अर्धा पासवर्ड टाकला, मी माझा टाकला. दहाला एक मिनिट होतं.

मी चॅटचं पान उघडलं. हेमंतचं नाव हिरवं झालेलं होतं, म्हणजे तो येऊन बसला होता. काकांनी एका बोटानं, इंग्रजी अक्षरं शोधत शोधत, त्यांच्या घरच्या अहिराणीत लिहिलं, “कसा शेस भाऊ?” कसा आहेस बाळा, असं.

पलीकडून उत्तर आलं. पुढचं सगळं मी तुम्हाला साध्या मराठीत सांगतो.

“बाबा, खरंच तुम्ही आहात?”

“हो.”

“फोन का उचलत नाही? वर्षभर दर शुक्रवारी करतोय.”

काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “याचा फोन येत होता?” त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते खोटं नव्हतं, एवढं मला त्या क्षणी कळलं. मी मान हलवली. “दर शुक्रवारी?” मी पुन्हा मान हलवली. ते मागे वळून त्या तिपाईवरच्या फोनकडे बघत राहिले.

मग त्यांनी की-बोर्डवर बोट ठेवलं. तीन शब्द लिहायला त्यांना तीन मिनिटं तरी लागली असतील. “ऐकू येत नाही.”

नऊ वर्षं मी या माणसाच्या समोर राहतोय. ते तोंडाकडे बघणं, ते लेखी द्या, तो लाल बल्ब, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी त्याच्या नकला करून कारखान्यातल्या लोकांना हसवलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“कधीपासून?” हेमंतनं विचारलं.

“निवृत्त झाल्यावर हळूहळू गेलं. माझ्या वडिलांचंही असंच गेलं होतं. कानाला यंत्र लावून पाहिलं. त्यात कुकर ऐकू येतो, गाड्या ऐकू येतात, माणूस येत नाही.”

“मला का नाही सांगितलं?”

“नोकरी सोडून आला असतास.”

“आईला माहीत होतं?”

काकांनी चष्मा काढून पुसला. “फोनवर तीच ऐकायची. मग मला सांगायची. ती होती तोवर काही अडलं नाही. ती गेल्यावर मला वाटलं, तू आईसाठी करायचास. आता करत नसशील.”

पडद्यावर हेमंत काहीतरी लिहितोय असं दिसे, पुसलं जाई, पुन्हा दिसे. शेवटी आलं, “मला वाटलं, मी आईच्या वेळी पोचलो नाही म्हणून तुम्ही बोलत नाही.”

काका खुर्चीतून अर्धे उठले. “हे काय लिहिलंय यानं?” ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की मी भिंतीला टेकलो. मग खाली बसून त्यांनी दणादण बटणं दाबली. इंग्रजी अक्षरं चुकत होती, तरी ते थांबले नाहीत. “तू येणार होतास हे तिला माहीत होतं. विमानात बसला असेल म्हणाली. दोनदा म्हणाली. मी तिच्या ओठांवर वाचलं.”

ते पाठवून त्यांनी माझ्याकडे न बघता हात केला. “काळेसाहेब, तुम्ही आता जा. हे घरगुती आहे.”

मी बाहेर आलो. त्यांनी दार लावून घेतलं, आतून कडी घातली. मी जिन्यातच उभा राहिलो. आणि मग आतून आवाज आला. काका रडत होते. लहान मूल रडतं तसं, हातचं काही राखून न ठेवता, पूर्ण आवाजात. दार लावलं, कडी घातली, म्हणजे आता आपलं कुणाला कळणार नाही, अशी त्यांची समजूत. आपला आवाज कुठवर जातो हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. सांगणारी होती ती गेली होती.

तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली. रंजना बाहेर आली. खालून चेअरमन पवार धावत वर आले, मागून जिन्याचा कठडा धरत त्यांच्या मातोश्री. पवारांनी दारावर थाप मारायला हात उचलला, तो मी वरच्यावर धरला आणि हळूच सांगितलं, “लेकाशी बोलतायत. काकांना ऐकू येत नाही हो. बऱ्याच वर्षांपासून नाही.”

पवारांनी हात खाली घेतला. मातोश्रींनी पदराचा बोळा तोंडाशी धरला, आणि थोड्या वेळानं त्यांनीच पहिल्यांदा वाकून पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. मग आम्हीही काढल्या. आणि सगळेजण, चपला हातात धरून, पायरीचाही आवाज होऊ न देता, एकेक करून आपापल्या घरी गेलो.